कोरड्या मुलखातील आंबापोळी

चैत्र सरून वैशाख लागला की मराठवाड्यातील माळवदांवर वाळवणाची गर्दी होते. कुरडया, पापड, सांडगे, शेवया ह्यांची वर्षभराची बेगमी ह्याच दिवसांत करून ठेवावयाची असते. त्याच सुमारास आंबा उतरू लागतो, आणि त्याबरोबर वाऱ्यावादळाने पडलेली, डागी, बारीक व बाजारात कोणी न विचारणारी फळेही घरात येऊन पडतात. थोडी खाल्ली जातात, थोडी शेजारीपाजारी वाटली जातात, आणि उरलेली उकिरड्यावर जातात. ह्या उरलेल्या फळांचा रस वाळवून त्याची पोळी करता येते, हे आपल्या भागात पुष्कळांना ऐकून ठाऊक आहे. करून पाहणारेही आहेत. परंतु पहिल्याच खेपेस पोळी बिघडली की, हे कोकणातले काम, आपल्याकडे जमावयाचे नाही, असे म्हणून तो विषय सोडून दिला जातो.

वास्तविक हवेचा विचार केला तर हे काम कोकणापेक्षा आपल्याकडे अधिक सोपे असावयास हवे. धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यात, सोनारीसारख्या गावी, एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळीस अंशांच्या घरात असतो आणि हवेतील आर्द्रता शेकडा वीस-पंचवीसपर्यंत खाली येते. समुद्रकाठच्या गावाला अशी हवा लाभत नाही. मग पोळी बिघडते का? तिचे कारण असे की आपण रीत कोकणची उचलतो आणि ती वापरतो मात्र आपल्या उन्हात. तेथील अडचण वेगळी, येथील वेगळी. हा फरक एकदा ध्यानात आला म्हणजे बहुतेक दोषांचा उलगडा आपोआप होतो.

कोकणची रीत आणि आपली हवा

कोकणात आंब्याचा रस साखर घालून, तूप लावलेल्या ताटांत पातळ पसरतात व कडक उन्हात ठेवतात. एक थर वाळला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. ह्यास आंबापोळी किंवा आंब्याची साठे म्हणतात. बरक्या फणसाचीही अशीच पोळी होते. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाकडील गावांतून चटयांवर थरावर थर देऊन ‘मामिडी तांड्रा’ करतात, आणि बिहारकडे ‘अमावट’ व बंगालमध्ये ‘आमसत्त्व’ ह्या नावांनी हाच पदार्थ प्रसिद्ध आहे. ह्यांपैकी कोकण, गोदावरीचे मुख व बंगाल हे सारे दमट प्रदेश होत. तेथे हवेतच पाणी भरपूर असल्याने रसातील पाणी सावकाश निघते. म्हणून तेथील माणूस मिळेल तेवढे ऊन मिळवावयास धडपडतो, आणि त्याचे खरे वैरी म्हणजे बुरशी व चिकटपणा.

आपल्याकडे उलट प्रकार होतो. भर दुपारच्या उन्हात स्टीलचे ताट हात लावू देत नाही इतके तापते. वर कोरडी, वेगाची हवा. रसाच्या पृष्ठभागावरील पाणी पाहता पाहता उडून जाते; मात्र तळाचे पाणी वर येण्यास वेळ लागतो, कारण ते साखरेच्या व गराच्या दाट जाळ्यातून वाट काढीत येत असते. ते वर पोहोचण्याच्या आतच वरच्या अंगास चामड्यासारखी घट्ट साय धरते. एकदा ही साय धरली की आतील पाण्याची वाट बंद झाली. वरून पाहणाऱ्यास पोळी वाळलेली दिसते, बोटाला चिकटत नाही, म्हणून ती गुंडाळून डब्यात भरली जाते. आठ-दहा दिवसांनी डबा उघडावा तो आतून आंबूस वास, पोळी ओलसर, आणि घड्यांच्या आत पांढुरकी बुरशी. ‘इतक्या उन्हात वाळवूनही बुरशी कशी आली?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. उन्हात वाळवूनही बुरशी आली असे म्हणण्यापेक्षा, अति उन्हात घाईने वाळविल्यामुळे ती आली असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

म्हणून ह्या भागातील शेतकरी भगिनींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : आपल्याकडे पोळी वाळवावयाची ती मुख्यतः वाऱ्यावर, आणि तीही पहिल्या दिवशी दुपारच्या सावलीत. आर्द्रता इतकी कमी असताना चाळीस अंशांची सावलीतील हवा वाळवण्याचे काम उत्तम करते. सावलीचा दुसराही एक लाभ आहे. आंब्याचा केशरी रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते, म्हणजे कॅरोटीन, प्रखर प्रकाशात नाश पावते. उघड्या उन्हात राहिलेली पोळी विटकी का दिसते त्याचे हे एक कारण. ह्याच कॅरोटीनपासून शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार होते. ते टिकले तर मुलाबाळांस लाभच आहे.

आणखी एक ध्यानात घेण्यासारखी गोष्ट. आपल्या घरच्या स्त्रियांस वाळवणाची जाण उत्तम असते. परंतु ती जाण कुरडई-पापडाची. कुरडई खणखणीत वाळली पाहिजे, कुटकन मोडली पाहिजे. पोळी तशी वाळली तर ती बिघडली असे समजावे. तिच्यात शेकडा पंधरा ते वीस भाग पाणी राहूनच ती मऊ, लवचीक व टिकाऊ असते. तिला टिकविणारी गोष्ट म्हणजे दाट झालेली साखर व फळाची आंबटाई. अन्नसुरक्षेच्या नियमांतही फळांच्या वडीत पाण्याचा अंश शेकडा वीसहून अधिक नसावा अशी मर्यादा घातलेली आहे.

कोणती फळे घ्यावी

पोळीसाठी केशर किंवा रायवळ कोणताही आंबा चालतो. रायवळाची आंबटगोड पोळी अधिक चवदार होते असे माझे मत आहे, मात्र त्याचा रस पातळ व धागे फार, म्हणून तो गाळून घेणे आवश्यक असते. वाऱ्याने पडलेल्या फळांपैकी जी पाडाला आलेली असतील तीच आढीत घालावी. कोवळी कैरी आढीत पिकत नाही, सुरकुतून सडते. तिचे लोणचे किंवा आमचूर करणे श्रेयस्कर. आंबा पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडचा उपयोग करणे कायद्याने बंद आहे. वाळलेल्या गवताची किंवा भाताच्या पेंढ्याची आढी पुरेशी होते.

डागी फळ चालते, सडके चालत नाही. डाग सालीपुरता असेल तर तो खोल कापून टाकावा. गर काळा, पाणचट किंवा आंबूस झाला असेल तर सबंध फळ टाकून द्यावे. एका सडक्या फळाने परातभर रस नासतो.

येथे हिशेबाची एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. एक किलो पोळीस सुमारे तीन किलो गर लागतो. केशर आंब्यातून वजनाच्या निम्म्याहून थोडा अधिक गर निघतो असे धरले तर साडेपाच ते सहा किलो फळ झाले. कोय मोठी व रस कमी असलेल्या रायवळाचे सात-आठ किलोही लागते. म्हणून ज्या फळास परंड्याच्या किंवा बार्शीच्या बाजारात चांगला भाव मिळतो त्याची पोळी करणे हा उघड तोट्याचा व्यवहार होय. मराठवाड्याच्या केशर आंब्यास भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्याचे निवडक फळ पेटीतूनच विकावे. पोळीसाठी बाजूला काढलेली बारीक व डागी फळेच घ्यावीत. काही बचत गटांना उत्साहाच्या भरात बाजारातून आंबा विकत घेऊन पोळी करण्याची इच्छा होते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यांस हा हिशेब आधी कागदावर मांडून दाखवावा.

रस तयार करणे

फळे स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावीत. साल व कोय काढून गर पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढावा. मिक्सर असेल तर काम लवकर होते, परंतु त्यात धागे कापले जाऊन रसात राहतात, म्हणून नंतर गाळावेच. एक किलो गरास शंभर ग्रॅम साखर पुरे. गोड केशरात एका लिंबाचा रस घालावा. आंबट रायवळात तो घालण्याची गरज नाही. लिंबाने चव सुधारते एवढेच नव्हे, आंबटाईमुळे जंतूंची वाढ रोखली जाते व रंगही टिकतो. साखरेऐवजी गूळ घालण्याची पुष्कळांची इच्छा असते. गुळाने चव खमंग येते हे खरे, पण गूळ हवेतील पाणी ओढून घेतो. आषाढ-श्रावणात अशी पोळी पाझरू लागते. महिन्याभरात खाऊन संपवावयाची असेल तरच गूळ वापरावा.

नंतर रस स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ढवळीत तापवावा. वाफा येऊन कडेने बुडबुडे फुटू लागले, म्हणजे सुमारे ऐंशी अंश उष्णता झाली, की पाच मिनिटे तसाच ठेवून उतरवावा. कोकणात पुष्कळ ठिकाणी कच्चाच रस पसरतात. आपण मात्र तापविणे सोडू नये, कारण त्याने दोन कामे होतात. रसातील किण्वे व इतर जंतू मरतात, आणि गर काळा करणारी फळातील विकरे निकामी होतात. लोखंडी कढई, बिनकल्हईचे तांब्यापितळेचे भांडे ह्यांचा उपयोग कदापि करू नये. लोखंडाने रस काळा पडतो. तांब्याची आंबटाशी क्रिया होऊन तो रस विषारीही होऊ शकतो.

बाजारी पदार्थांत रंग टिकविण्यासाठी गंधकयुक्त द्रव्ये घालतात. म्हैसूर येथील, १९५० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने यंत्रावर फळांच्या वड्या तयार करण्याची जी रीत बसविली आहे, ती मोठ्या कारखान्यास योग्य आहे. तेथे मापे काटेकोर असतात. घरगुती कामात ही द्रव्ये चिमटीने घातली जातात, आणि दमेकऱ्यांस त्यांपासून त्रास होतो. तापविणे व लिंबू एवढ्यावर घरचे काम भागते.

पसरणे व वाळवणे

ताटास तेलाचा अगदी पुसट हात फिरवावा. तुपाचा हात दिला तरी चालतो, पण तूप जास्त झाले तर दोन महिन्यांत पोळीस खवट वास येतो. रस कोमट असतानाच पसरावा. थराची जाडी पाच मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अर्ध्या बोटाएवढी असावी. एक फूट व्यासाच्या ताटात साधारण साडेतीनशे ग्रॅम रस घातला की ही जाडी येते, म्हणून डोळ्यांच्या अंदाजापेक्षा मापाने ओतणे बरे. कडेला थर किंचित जाड आणि मधोमध किंचित पातळ ठेवावा. असे उलटे का, तर कड नेहमी आधी वाळते. सारखा थर दिला की मध्य वाळेपर्यंत कड ठिसूळ होऊन तडकते.

ताटे सकाळी सातच्या सुमारास बाहेर मांडावीत व अकरापर्यंत उन्हात ठेवावीत. अकरा ते चार ह्या वेळात ती ओसरीवर किंवा शेडनेटखाली, वारा खेळता राहील अशा जागी न्यावीत. लिंबाच्या झाडाखालची सावली गार असते, परंतु पाने, मोहोर व पाखरांची घाण ह्यांमुळे ती जागा टाळावी. चारनंतर पुन्हा तासदोन तास ऊन द्यावे. रात्री ताटे आत घेऊन मलमलीने झाकावीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पृष्ठभाग हाताला चिकटेनासा झाला असेल. तेव्हा उलथन्याने कड सोडवून पोळी सबंध उचलावी व पालथी करून जाळीवर किंवा धुतलेल्या वेताच्या चाळणीवर टाकावी. ही पायरी आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. ताटाच्या तळाकडून हवा लागत नाही, म्हणून खालचे अंग ओलेच राहते. ते वर आले व दोन्ही बाजूंनी वारा लागला की आतील पाणी निघून जाण्यास वाट मिळते. ह्या दुसऱ्या दिवशी दुपारचे ऊन थोडे लागले तरी बिघडत नाही. दोन दिवसांत, क्वचित तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, पोळी तयार होते. जाड पोळी हवी असेल तर पालथी न घालता पहिल्या थरावर दुसरा थर द्यावा, पण तोही पातळच, आणि पहिला बोटाला चिकटेनासा झाल्यावरच. दोहोंहून अधिक थर घरगुती कामात देऊ नयेत असे सुचवावेसे वाटते.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आगेमागे सूर्य आपल्याकडे माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. म्हणून ह्या दिवसांत सौर वाळवणयंत्र दक्षिणेकडे तिरपे करण्याचे कारण नाही. ते सपाट ठेवले तरी चालते. मात्र काचेची किंवा प्लॅस्टिकची झाकण असलेली पेटी भर दुपारी बंद ठेवली तर आतील उष्णता सत्तर अंशांच्याही पुढे जाऊ शकते, आणि मग तीच साय धरण्याची तक्रार. पेटीच्या खालच्या व वरच्या बाजूची हवेची भोके पूर्ण उघडी ठेवावीत, आत एक साधा तापमापक टांगावा, आणि उष्णता साठ अंशांवर जाऊ लागली की झाकणावर पांढरे धोतर टाकावे.

पोळी झाली हे कसे ओळखावे

बोट लावून पाहण्याच्या परीक्षेवर विसंबू नये. वरची साय बोटाला नेहमी फसविते. सर्वांत खात्रीचा पंच म्हणजे तराजू. एक किलो केशरच्या गरात साधारण एकशे ऐंशी ग्रॅम घन भाग असतो. त्यात शंभर ग्रॅम साखर घातली म्हणजे दोनशे ऐंशी ग्रॅम. बाकीचे पाणी. शेकडा पंधरा ते वीस पाणी राहील अशी पोळी व्हावयाची तर तिचे एकूण वजन तीनशे तीस ते साडेतीनशे ग्रॅमच भरले पाहिजे. म्हणजे एक किलो गर व शंभर ग्रॅम साखर ह्यांचा रस तीन ताटांत सारखा वाटला असेल, तर प्रत्येक पोळी एकशे दहा ते एकशे सतरा ग्रॅम भरावी. ती एकशे चाळीस भरली तर आत पाणी उरले आहे, वरून ती कितीही वाळलेली दिसो. शंभरच्या खाली गेली तर ती फार वाळली. पातळ रसाच्या रायवळात घन भाग कमी असल्याने हाच आकडा किलोमागे तीनशे ग्रॅमच्या आसपास येतो. लक्षात ठेवण्याची गोष्ट एवढीच की हिशेब तापविण्यापूर्वीच्या गराच्या वजनावर करावा, आणि पोळी ताटातून सोडवून नुसती तोलावी.

तराजूच्या जोडीस हाताची परीक्षा अशी : पोळीचा मधला भाग फाडून पाहावा. फाडलेल्या कडेवर ओलसर चकाकी दिसू नये. बोटाभोवती गुंडाळली असता ती मोडू नये, आणि सोडली असता हळूहळू उलगडावी.

बिघाड व त्यांवरील उपाय

वरून कडक व आतून ओली राहिलेली पोळी वेळीच ध्यानात आली तर वाचविता येते. ती पुन्हा उन्हात घालणे हा उपाय नव्हे. त्याने साय अधिकच घट्ट होते. तिच्या पट्ट्या कापून त्या स्टीलच्या डब्यात झाकण लावून रात्रभर ठेवाव्यात. आतील ओल सायीपर्यंत येऊन ती मऊ पडते. सकाळी ह्या पट्ट्या जाळीवर सुट्या पसरून सावलीत वाऱ्यावर ठेवल्या म्हणजे दुपारपर्यंत वजन बरोबर उतरते.

फार वाळून तडकलेली पोळी टाकून देऊ नये. तिच्यावर ताज्या रसाचा पातळ हात फिरवून तोच दुसरा थर समजावा. कडा तेवढ्या तडकल्या असतील तर कापून मुलांच्या हाती द्याव्यात.

चिकटपणाची कारणे निरनिराळी असतात. वजन बरोबर असूनही पोळी चिकटत असेल तर साखर जास्त झाली किंवा गूळ घातला, असे समजावे. पावसाळ्यात डबा उघडल्यावर चिकटू लागली तर दोष डब्याच्या झाकणाचा. पोळीवर पिठी भुरभुरण्याची कोठे कोठे चाल आहे. त्यापेक्षा घड्यांमध्ये बटरपेपर घालणे चांगले.

पोळी काळपट झाली असता प्रथम भांडे व सुरी तपासावी, नंतर रस तापविला होता की नाही ते विचारावे. बहुतेक वेळा उत्तर ह्या दोहोंतच सापडते. साठवणीत हळूहळू येणारा तांबूसपणा मात्र कोणालाही पूर्णपणे टाळता येत नाही. तो दोष नव्हे.

सर्वांत मोठे संकट अवकाळी पावसाचे. रस ताटांत पसरला आणि दुपारून आभाळ भरून आले, की हवेतील ओल एकदम वाढते, आणि अर्धवट ओला रस आंबू लागतो. अशा वेळी आशेवर बसू नये. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत रस ताटांतून खरवडून पातेल्यात घ्यावा, थोडी साखर वाढवावी व मंद आचेवर गोळा होईपर्यंत आटवावा. आंब्याचा मावा तयार होतो व सगळा माल वाचतो. परंतु रसावर बारीक बुडबुडे आले असतील, दारूसारखा वास सुटला असेल, तर तो आटवून वापरू नये. खताच्या खड्ड्यात टाकावा.

बुरशीच्या बाबतीत कडक राहावे लागते. वरची बुरशी पुसून किंवा तेवढा तुकडा कापून उरलेली पोळी खाण्याची सवय घरोघर आहे. बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोलवर गेलेले असतात व काही बुरशींचे विष तळल्या-भाजल्यानेही जात नाही. बुरशी लागलेली पोळी, मग ती एक असो की दहा, पूर्ण टाकावी, आणि डबा उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवावा.

माश्या, माती व वावटळीतील कचरा ह्यांकरिता मलमलीची चौकट पुरते. सोनारीत मात्र मलमल पुरावयाची नाही. भैरवनाथाच्या देवळाच्या परिसरातील माकडे सर्वांस परिचित आहेत, आणि गोड वास त्यांना दुरूनच कळतो. त्यांना हुसकावणे गावाच्या मनास रुचत नाही. आपल्या जिल्ह्यात माकडांचा मान मोठा. उपळा ह्या गावी बत्तीस एकर जमीन महसुली दप्तरात माकडांच्या नावे असल्याची बातमी २०२२ मध्ये देशभर गाजली होती. ह्यावर उपाय एवढाच की बारीक तारेच्या जाळीची, चारही बाजूंनी बंद व कडीकोयंड्याची पेटी करून तीत ताटे ठेवावीत. गावातील सुतार जुन्या खिडकीच्या चौकटीतून अशी पेटी सहज करून देतो. आतून मलमल लावली की एकाच पेटीत धूळ, माशी व माकड ह्या तिन्हींचा बंदोबस्त होतो.

साठवण व विक्री

तयार पोळी लगेच बांधू नये. सर्व पोळ्या एका मोठ्या डब्यात तीन दिवस सैल भरून ठेवाव्यात व रोज झाकण उघडून पाहावे. झाकणाच्या आतल्या बाजूस घाम दिसला तर माल पुन्हा वाऱ्यावर काढावा. तीन दिवस झाकण कोरडे राहिले म्हणजे बटरपेपरात गुंडाळून, हवा न शिरणाऱ्या पिशव्यांत किंवा बरण्यांत बंद करावा व अंधाऱ्या, थंड जागी ठेवावा. मोठ्या बरणीपेक्षा लहान पाकिटे केव्हाही बरी. मोठी बरणी पावसाळ्यात रोज उघडली जाते आणि दर वेळी ओल आत घेते.

विकावयाचे असेल तर अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करून घेणे आवश्यक आहे, मग माल थोडा का असेना. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, शाकाहाराचे हिरवे चिन्ह व नोंदणी क्रमांक असावा. तपशील व प्रशिक्षण ह्यांसाठी तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क ठेवावा.

हिवाळ्यातील पेरू

आंब्याचा हंगाम जेमतेम दीड महिन्याचा. जाळीची पेटी एकदा केली की ती हिवाळ्यातही उपयोगी पडावी. पेरू त्या दृष्टीने उत्तम, कारण त्यात पेक्टिन भरपूर असल्याने पोळी चांगली बांधली जाते. पेरूच्या फोडी थोड्या पाण्यात शिजवून, चाळणीतून बिया काढून गर घ्यावा आणि पुढील कृती आंब्याप्रमाणेच करावी. फळ शिजविताना घातलेल्या पाण्यामुळे वजनाचा हिशेब बदलतो, म्हणून पहिल्या खेपेस पोळी फाडून पाहण्याच्या परीक्षेवर भर द्यावा. पपईची पोळीही होते, मात्र तिच्यात आंबटाई अगदी कमी, म्हणून किलोमागे दोन-तीन लिंबे पिळावी लागतात. सीताफळाच्या वाटेस जाऊ नये. बालाघाटात ते कितीही मुबलक असले तरी त्याचा गर तापविला की कडवट होतो.

थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला व ऊन सौम्य असते. तेव्हा पेटी दक्षिणेकडे तोंड करून तिरपी ठेवावी, दिवसभर ऊन द्यावे, आणि पोळीस तीन ते चार दिवस लागतील असे धरून चालावे. सावलीचा नियम त्या दिवसांत लागू नाही. पहाटेचे दव पडण्यापूर्वी ताटे आत घेतलीच पाहिजेत. पौष-माघात केलेली पेरूची पोळी नीट बांधली तर चैत्रात सोनारीस भैरवनाथाची यात्रा भरेपर्यंत सहज टिकते, आणि यात्रेच्या गर्दीत लहान पाकिटांस गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. तोपर्यंत दर पंधरा दिवसांनी प्रत्येक खेपेतील एक पाकीट फोडून वास, चव व लवचीकपणा पाहावा, आणि ज्या खेपेत शंका येईल ती खेप विक्रीस काढू नये.